सांबऱ्याला निघालेली हिंडलग्याची गाडी

परवा छापखान्यातून पत्रकांचा गठ्ठा आला. गुलाबी, पातळ कागद. आप्पांनी तो सायकलच्या कॅरियरला बांधून निपाणीहून आमच्या गावापर्यंत भर उन्हातून आणला होता, त्यामुळे कागद तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा गरम लागत होता. मी सुतळी सोडली. शाईचा आणि मे महिन्याचा मिळून एक वास नाकात शिरला आणि मी उंबऱ्यावर बसल्या बसल्या गेल्या उन्हाळ्यात जाऊन पोचले.

आमच्या घरात हे असंच चालतं. इतरांना आठवणी आंब्याच्या वासानं येतात, मला कागदाच्या. आप्पा म्हणजे माझे वडील तंबाखूची थोडी शेती करतात आणि उरलेल्या वेळात सीमेवरच्या मराठी माणसांसाठी पत्रकं वाटतात. खरं सांगायचं तर उरलेल्या वेळात करतात ती शेतीच. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द ‘जाहीर’. वाटून उरलेली पत्रकं माझ्या वाट्याला यायची, त्यांची पाठकोरी बाजू हीच माझी पाटी. पुढच्या बाजूला मागण्या, मागच्या बाजूला माझी बदकं, माझी घरं, दोन डोंगरांतून उगवणारा सूर्य. कित्येक वर्षं मला वाटायचं, जगातल्या प्रत्येक चित्राच्या पाठीमागे एक मागणी असतेच.

गेल्या मे महिन्यात आम्ही तीन दिवस बेळगावला गेलो होतो. मी, माझी आक्का आणि आक्काची दोन पोरं. आक्काला संकेश्वरला दिलंय. जुई तेव्हा सहा वर्षांची होती, ओमी साडेतीनचा. पोरांनी शहर बघितलं नव्हतं. त्यांना बेळगाव म्हणजे कुठंतरी उसाच्या फडापलीकडे असलेली, सारखा दिवा लागलेली एक जागा वाटायची.

पण नुसतं फिरायला म्हणून मी गेले नव्हते. जूनमध्ये जुई पहिलीला बसणार होती. आक्काच्या घराजवळ दोन सरकारी शाळा आहेत, एकमेकींसमोर तोंड करून. एक कन्नड, एक मराठी. कन्नड शाळेत पोरं मावत नाहीत आणि मराठी शाळेच्या पहिलीला पोरं मिळत नाहीत. जुई तिथं गेली तर ती पाचवं पोर. पाच झाली तर वर्ग टिकतो, असं तिथले गुरुजी आप्पांना सांगून गेले होते. आक्का काहीच बोलत नव्हती. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, पोरीला पुढं नोकरी लागायची तर कन्नडच बरं. मी निघाले तेव्हा आप्पा दारातून म्हणाले, “बेळगाव बघा, कुंदा खावा, मज्जा करा. पर येताना आक्काकडनं शब्द घिऊन ये.”

संकेश्वरच्या स्टँडवर आक्का पोरांना घेऊन माझ्या गाडीत चढली आणि बसायच्या आधीच बोलली. “तिसऱ्या दिवशी सांगते. तवर शाळेचं नाव काढायचं न्हाय. काढलंस तर मी हितंच उतरणार.”

मी नाव काढलं नाही. खिडकीतून ऊस मागे पळत होता आणि ओमी प्रत्येक उसाला टाटा करत होता.

वडगावात आम्ही मधूकाकांकडे उतरलो. मधूकाका विणकर, आप्पांचे मोर्च्यातले जुने सोबती. त्यांच्या घरात दार उघडलं की माणसाआधी माग दिसतो. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, त्यांच्या मागे स्वयंपाकघर, वर माळा, एवढंच घर. खटक-खटक, खटक-खटक. पहिल्या तासाला ओमीनं कानांवर हात ठेवले. दुसऱ्या तासाला तो मागाच्या ठेक्यावर मान हलवू लागला. दुपारी तिथंच खाली सतरंजीवर झोपला, आणि गंमत अशी की वीज गेली, माग थांबला, तेव्हा दचकून उठला. शांततेनं जागा होणारं पोर मी पहिल्यांदाच बघितलं.

त्या घरातली माणसं मागावरून ओरडून बोलतात आणि माग बंद असला तरी सवयीनं ओरडतातच. सुमनकाकू चहाचा कप हातात देत किंचाळल्या, “साखर बघ गं बाई, कमी असंल तर सांग!” ओमी घाबरून आक्काच्या पदरात शिरला. नंतर त्याला कळलं की ही इथली लाडाची पद्धत आहे, मग तोही ओरडायला लागला.

ते तीन दिवस आता मला सलग आठवत नाहीत. साडीच्या उलट्या बाजूसारखे आठवतात, धागे लोंबणारे, पण रंग तेच. निळ्या साडीचा काठ मागावर बोटबोट वाढत होता आणि जुई दर थोड्या वेळानं जाऊन बघायची, “केवढी झाली?” किल्ल्याच्या तळ्याकाठी पाण्यावर ऊन थरथरत होतं. ओमीनं त्याला मासे म्हटलं आणि आम्ही कुणी ते खोडलं नाही. खव्याच्या गोड कुंद्याचा द्रोण, त्याला चिकटलेली दोघांची बोटं. रेल्वेचं फाटक पडलं की मोठी माणसं वैतागायची आणि आमची पोरं टाळ्या वाजवायची, कारण आता आगगाडी येणार. एका दुपारी डांबर इतकं तापलं होतं की जुईची चप्पल रस्त्याला चिकटून राहिली. ती एका पायावर उभी राहून हसत होती, आणि त्या हसण्याभोवती अख्खं शहर मला क्षणभर तिच्यासाठी थांबल्यासारखं वाटलं.

जुईला तेव्हा एकच वेड होतं, पाट्यांचं. शाळेत जायच्या आधीच्या पोरांना असतं तसं. “मावशी, हे काय लिव्हलंय?” सोन्याचं दुकान, दवाखाना, भाड्यानं सायकली, केळीचे वेफर. मी मराठी वाचून दाखवायची, इंग्रजी वाचून दाखवायची. वरचं मोठं कन्नड सोडून द्यायची.

“वरचं ऱ्हायलं की मावशी.”

“ते राहू दे.”

“का?”

“खाली तेच लिहिलंय.”

“मग दोनदा कशाला लिव्हलंय?”

याचं उत्तर माझ्याकडे एका पत्रकाएवढं होतं. पण सहा वर्षांच्या पोरीला सांगण्याएवढं छोटं नव्हतं.

मी अकरा वर्षांची असताना निपाणीच्या स्टँडवर आप्पांच्या सायकलला टेकून उभी होते. बसची पाटी फक्त कन्नडात होती. आप्पा म्हणाले, “आपल्या लोकांच्या गावात आपल्या अक्षरात बोर्ड लावत न्हाईत, तवर आपण त्यो वाचायचा न्हाय.” त्यांनी कधीच वाचला नाही. गाडी कुठली ते विचारून चढायचे. मी त्या दिवसापासून तसंच केलं. शाळेत कन्नड मला सक्तीचं होतं, चांगले मार्क पडायचे. घरात विजेचं बिल, शेताचा उतारा, रेशनचा कागद आईला मीच वाचून दाखवते. पण तो घरातला कागद. रस्त्यावरचा बोर्ड मात्र नाही. माझ्या मैत्रिणी उपवास धरतात, मी हे धरलं होतं. मला ते फार सरळ आणि स्वच्छ वाटायचं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुमनकाकूंच्या माहेरी, हिंडलग्याला जायचं ठरलं. तिथं विहीर आहे, काजूची झाडं आहेत, जांभळं पिकलीत, पोरांना सोडून द्या दिवसभर, असं काकू म्हणाल्या. आक्का आली नाही. तिला काकूंबरोबर बसून कांड्या भरायच्या होत्या. लहानपणी आम्ही इथं आलो की आक्काला मागासाठी कांडीवर सूत गुंडाळायचं भारी वेड, ते तिशी ओलांडली तरी गेलेलं नाही. चरख्याशी बसून ती म्हणाली, “तूच ने दोघांना. माझं मला बसू दे जरा.” विचार करायचा असला की आक्का हाताला काम घेते, हे मला ठाऊक होतं. मी मनात म्हटलं, कर बाई विचार.

स्टँडवर गर्दी होती. मधूकाकांनी सांगितलं होतं, हिंडलग्याची गाडी कोपऱ्यातल्या फलाटावर लागते. त्या फलाटावर एक गाडी उभी होती. ड्रायव्हर चहाला गेलेला, कंडक्टर दिसत नव्हता. समोर काचेवर पाटी, फक्त कन्नड. मी पाटीकडे बघितलं नाही. बघितलं नाही म्हणजे डोळे तिच्या बाजूनं नेले. इतक्या वर्षांत डोळ्यांना ती वाट सरावाची झालीय.

तेवढ्यात एक म्हातारी शेजारी येऊन उभी राहिली. खानापूरच्या बाजूची, हिरवं लुगडं, काखेत पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं लहान बाळाचं दुपटं. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून हातानं शिवलेलं, कडेला लाल टाके.

“पोरी, ह्यो बोर्ड वाच की गं. हिंडलग्याची हाय का ही?”

मी म्हणाले, “मला कन्नड येत नाही आज्जी. पण हिंडलग्याची इथंच लागते. हीच.”

जुईनं माझा हात ओढला. “मावशी, तुला येतंय की! लाईट बिल वाचतीस की तू!”

मी तिचा हात दाबला. जोरात नाही, पण दाबला. म्हातारीच्या कानावर ते पडलं नाही, कारण ती तोवर पायरीवर चढली होती, आणि तिच्यामागून आम्ही.

गाडी सुटली. ओमी माझ्या मांडीवर, जुई खिडकीशी, म्हातारी आमच्याच बाकावर. तिनं सांगायला सुरुवात केली. लेकीला पहिली मुलगी झाली होती. आज बारसं होतं, बाराच्या आत पाळण्यात घालायचं होतं. दुपटं हिनं शिवलं होतं. ते अंथरून पहिल्यांदा बाळाला त्यावर ठेवायचं, हा तिचा मान. सकाळपासून दोन गाड्या बदलून आली होती.

“ह्यो तुकडा माझ्या सासूच्या लुगड्याचा,” ती जुईला एकेक तुकडा दाखवत होती. “ह्यो माझ्या लग्नातला. ह्यो लेकीच्या परकराचा. तिला ठावंच न्हाय मी ठिवलाय.”

जुई बोट फिरवत होती. वारा गरम होता, खिडक्या खडखडत होत्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गुलमोहर लाल होऊन मागे जात होते. मला वाटलं, किती छान चाललंय सगळं. हिंडलगा एवढं लांब नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. गर्दीतून वाट काढत कंडक्टर आमच्यापर्यंत आला तेव्हा हमरस्ता ओलांडून बराच वेळ झाला होता. बायकांना तिकिटाचे पैसे नाहीत, पण चिठ्ठी घ्यावी लागते. मी म्हणाले, “हिंडलगा.”

त्यानं चिठ्ठीच्या यंत्रावरून मान वर केली. “हिंडलगा? हे सांबरा हाय री. हिंडलगा तिकडं,” त्यानं पाठीमागे हात केला, थेट आम्ही आलो त्या दिशेला. “बोर्ड बघितलं न्हाय काय?”

माझ्याआधी म्हातारीच बोलली. “ह्या पोरीला बी येत न्हाय रं बाबा वाचायला.”

कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्यावरच्या झोळीकडे, तिच्यात खोचलेल्या पेनाकडे. “शिकलेली दिसतात की,” एवढंच म्हणाला. मग म्हणाला, “आता उन्हात मधी उतरू नका. सांबऱ्यात गाडी फिरती. दहा-पंधरा मिनिटं थांबती. बसून ऱ्हावा, परत सोडतो स्टँडवर.”

म्हातारीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “असू दे गं. मला तर कुठलंच वाचायला येत न्हाय. तुला एक तरी येतंय.”

त्या हाताचं वजन अजून माझ्या गुडघ्यावर आहे.

सांबऱ्याला गाडी एका झाडाखाली उभी राहिली. समोर सपाट, तापलेलं माळरान आणि त्यापलीकडे विमानतळाची जाळी. ऊन इतकं होतं की जमिनीवरची हवा वितळल्यासारखी हलत होती आणि त्या हलत्या हवेत, लांब, एक पांढरं विमान उभं होतं. पाण्यात उभं असल्यासारखं. पोरं श्वास रोखून बघत राहिली. ओमीनं खिशातून अर्धवट खाल्लेलं बिस्कीट काढून विमानाच्या दिशेनं धरलं.

मी म्हातारीकडून कागदाचा एक चिटोरा मागून घेतला. तिच्या कमरेच्या बटव्यातला, लेकीचा नंबर लिहिलेला. माझ्या फोनवरून लावला, “तुमच्या आई बोलतायत,” म्हणाले आणि फोन तिच्याकडे दिला. मागून बायकांचा गलका ऐकू आला.

“आई, कुठं हाइस गं? सासूबाई म्हनत्यात येळ टळाय लागलाय.”

म्हातारीनं फोन दोन्ही हातांनी धरला, नारळ धरावा तसा. “घाला गं पाळण्यात. माझ्यापायी लेकराला थांबवू नगा. फोन तेवढा चालू ठेव, मी ऐकते.”

तिकडे पाळणा म्हणायला सुरुवात झाली. फोनमधून तो बारीक, किनरा आवाज येत होता, डबीत बंद केलेल्या भुंग्यासारखा. म्हातारी डोळे मिटून मान डोलवत होती. एका हातानं तिनं मांडीवरचं रिकामं दुपटं हलवायला सुरुवात केली. आत बाळ असल्यासारखं, अगदी हळू. जुई जवळ सरकली आणि तिनंही एक टोक धरलं. दोघी मिळून हलवत राहिल्या.

आणि त्याच वेळी विमान निघालं. आधी माळावरची धूळ उठली, मग सगळं आभाळ भरून आवाज. पोरं किंचाळत बाहेर धावली, मी ओमीला धरायला मागे धावले. विमान आमच्या डोक्यावरून गेलं. त्याचं पोट दिसलं, पांढरं, चकचकीत, आणि त्याची सावली बसवरून, झाडावरून, आमच्या चेहऱ्यांवरून सरकली, गार बोट फिरावं तशी. ओमी वर बघत गोल गोल फिरत होता. मी आयुष्यात इतका आनंद एवढ्याशा तोंडावर मावलेला बघितला नाही.

मी वळले तर म्हातारी फोन कानाशी धरून तशीच बसलेली. विमानाचा आवाज विरला तेव्हा तिकडचा पाळणा संपून फोनही बंद झाला होता.

“काय नाव ठिवलं गं?” तिनं मला विचारलं.

मलाही माहीत नव्हतं.

मला तेव्हा पत्रकात घालता येतील असे शेकडो शब्द येत होते. अन्याय, अस्मिता, हक्क, लढा. ते सगळे खरे आहेत, मी आजही ते मागे घेत नाही. पण त्या बाकावर, त्या म्हातारीसमोर मला त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

स्टँडवर परत आल्यावर आम्ही खऱ्या हिंडलग्याच्या गाडीत बसलो. कंडक्टरनंच हाताला धरून बसवलं म्हणा ना. लेकीच्या दारापर्यंत मी म्हातारीला सोडलं. आत जेवणं उरकत आली होती. पाळण्यात बाळ झोपलेलं, खाली विकतचं झालरीचं कापड. दुपट्याची घडी तशीच तिच्या काखेत होती. नाव सई ठेवलं होतं. म्हातारीनं ते दोनदा म्हणून बघितलं, नवीन खण हातावर घ्यावा तसं.

उंबऱ्याबाहेर मी तिला गाठलं. जुई माझ्या बोटाला होती, म्हणूनच बहुतेक मला धीर आला.

“आज्जी, मला कन्नड वाचता येतं.”

तिनं निरखून बघितलं. “मग वाचलं का न्हाईस गं?”

मी सांगितलं. आप्पांचं, बोर्डांचं, अकराव्या वर्षापासूनचं. उन्हात उभं राहून सगळं सांगितलं. ती चिडली नाही. नीट ऐकून घेतलं.

“म्हंजी राग कुणावर तुझा?”

“सरकारवर.”

“मग बाई,” ती म्हणाली, “सरकार बसलं काय गं चुकीच्या गाडीत?”

आणि पदरानं तोंड पुसून आत गेली.

काकूंच्या माहेरच्या विहिरीवर आम्ही तासभरच थांबलो. पोरांचे ओठ जांभळांनी निळे झाले. परत येताना ओमी झोपला. जुई जागी होती, पण एकाही पाटीचं तिनं मला विचारलं नाही. आदल्या दिवसापासून ज्या प्रश्नानं मला वैताग आणला होता, त्याची मी अख्खा रस्ताभर वाट बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू व्हायच्या आधी आक्का चरख्याशी बसली होती. बाजूला भरलेल्या कांड्यांची टोपली, निळ्याच निळ्या. तिनं मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

“मी ठरवलंवतं. मराठीतच घालायची. आप्पांसाठी न्हवं, माझ्यासाठी. माझ्या पोरीनं मला पत्र लिव्हलं तर मला ते वाचता यावं म्हणून.”

मी मनातल्या मनात आप्पांना बातमी दिलीसुद्धा.

“ठरवलंवतं म्हणाले मी,” आक्का म्हणाली. “काल सांजच्याला पोरीनं मला समदं सांगितलं. इमान बी सांगितलं, दुपटं बी सांगितलं. आन शेवटी इचारलं, ‘आई, मराठी शाळेत गेलं की खोटं बोलाय लागतंय काय?’”

माग बंद होता. कुणी ओरडत नव्हतं. ओमी जागा झाला.

मी म्हणाले, “आक्का, चूक माझी आहे, शाळेची नाही.”

“पोरीला कशी कळंल ती फोड? तिला तू दिसतीस. शाळा अजून दिसली कुठं?” तिनं सुताचं टोक दातानं तोडलं. “मला शब्द मागाय आलीस न्हवं तू? मला ठाऊक हाय आप्पांचं. मीच काय सांगायचं ते मला आता कळंना झालंय.”

दुपारी आम्ही निघालो. मधूकाकांनी पोरांच्या हातात उरलेल्या सुताचे रंगीत गुंडे दिले. सुमनकाकू गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत आल्या. स्टँडवर उकाडा, धूळ, केळीच्या साली. तीन गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि आमची त्यातली कुठली ते कळत नव्हतं. आक्का उभी राहिली. तिला कन्नड बोलता येतं, वाचता फारसं येत नाही.  नुसती माझ्याकडे बघत राहिली. जुईही.

मी मान वर केली.

इतक्या वर्षांत न बघितलेल्या जागेकडे बघायला मानेलाही त्रास होतो. अक्षरं मात्र तिथंच होती, गोल गोल, ओळखीची, शाळेतल्या बाकावरच्या मैत्रिणींसारखी. मी मोठ्यानं वाचलं. “पहिली खानापूर. दुसरी गोकाक. तिसरी संकेश्वर, निपाणी.”

“ती गोकाकची व्हय?” मागून एक बाई म्हणाली, “बरं झालं बाई,” आणि पिशव्या उचलून पळाली. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, मग कडेवर पोर घेतलेल्या एका पोरीनं. आमची गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर उभी राहून पाट्या वाचत होते. जुई माझ्या शेजारी. प्रत्येक नाव ती माझ्यामागून म्हणत होती, आधी हळू, मग मोठ्यानं, मग वडगावकरांसारखं ओरडून.

गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं, ऊस दिसायला लागला तेव्हा आक्का म्हणाली, “घालते. नवऱ्याला मी समजावते. पर अट हाय. रस्त्यावरचं समदं वाचाय तिला तू शिकवायचं. दर रविवारी यायचं. आन आप्पांना तू सांगायचं, मी न्हाय.”

आप्पांना मी सांगितलं. जुईचं ऐकून त्यांचे डोळे भरले, बोर्डांचं ऐकून कोरडे झाले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पत्रकं मात्र माझ्याकडूनच लिहून घेतली, मजकूर आईच्या तोंडून पाठवून.

वर्ष झालं. मराठी शाळेच्या पहिलीत पाच पोरं होती. वर्ग टिकला. पुढच्या वर्षी टिकेल का, मला माहीत नाही. जुई दोन्ही लिप्या वाचते आणि दोन्हीत सारख्याच चुका करते. सध्या सुटीला आमच्याकडे आली आहे. कधी दुपारी वरून विमानाचा आवाज गेला की ती हातातलं टाकून अंगणात येते आणि हवेत एक अदृश्य टोक धरून हळूहळू हलवते. काय करतेस विचारलं तर म्हणते, “सईला झोपवतेय.”

परवाच्या गुलाबी गठ्ठ्यात मागणी एकच आहे. बसवरचे आणि फलाटावरचे बोर्ड कन्नडबरोबर मराठीतही लावा. मजकूर माझा. राग तोच, तेवढाच. फक्त त्यात या खेपेला एक म्हातारी आहे, दोन गाड्या बदलून येणारी.

काल आप्पा, जुई आणि मी, आम्ही तिघं निपाणीच्या स्टँडवर वाटायला गेलो. मी एका हातानं पत्रक द्यायची आणि विचारलं की पाटी वाचून सांगायची. लोकांना गंमत वाटत होती. एकानं तर टोमणा मारला, “वाचताय बी तुम्हीच, भांडताय बी तुम्हीच!” मी म्हटलं, “व्हय.”

पलीकडे आप्पा उभे होते, छातीशी गठ्ठा धरून. एका शेतकऱ्यानं त्यांना विचारलं, “अण्णा, ही चिकोडीची का?” आप्पांनी गाडीकडे बघितलं. पाटीकडे. मी वाट बघत होते, ते तोंड फिरवतील म्हणून. त्यांनी फिरवलं नाही. बघतच राहिले, डोळे बारीक करून.

“मला येत न्हाय,” ते म्हणाले.

मी जवळ गेले. मला म्हणाले, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, “खरंच येत न्हाय गं. शाळेत मला कुणी शिकवलंच न्हाय. वाचायचा न्हाय म्हणालो, ते बरं पडलं.”

इतकी वर्षं मी जो उपवास धरला होता, तो त्यांनी कधी धरलाच नव्हता. त्यांच्या ताटात ते अन्नच नव्हतं.

मी काही बोलायच्या आत जुई मध्ये घुसली. तिनं शेतकऱ्याला सांगितलं, “चिकोडीच हाय, बसा.” मग आप्पांच्या गठ्ठ्यातून एक पत्रक ओढलं, उलटं केलं, गुडघ्यावर ठेवलं आणि माझ्या झोळीतलं पेन घेऊन पाठकोऱ्या बाजूवर एक मोठं गोल अक्षर काढलं. “आप्पा, हे पहिलं. हे चि. हितनं सुरू करायचं, असं वळायचं.”

आप्पांनी चष्मा लावला. गठ्ठा खाली ठेवला. आणि स्टँडच्या त्या धुळीत, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, ते बोट त्या अक्षरावरून फिरवू लागले, एकदा, दोनदा, वळण चुकलं की जुई त्यांचं बोट धरून परत मागे न्यायची. कागद पातळ होता. मागून आमची मागणी उलटी दिसत होती.

संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपला. ते एक पत्रक आप्पांनी कुणाला दिलं नाही. चौघडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.